मंडईला उतरा, कसब्यातून परता: पुण्याच्या पेठांत पहिल्यांदा खरेदीला येणाऱ्यांसाठी

माझं माहेर मराठवाड्यातलं आणि सासर पुण्याच्या पेठेतलं. त्यामुळे माहेरच्या गोतावळ्यात लग्न ठरलं की बस्ता बांधायला मंडळी आमच्याकडे येतात आणि त्यांना घेऊन बाजार फिरणं माझ्याकडे असतं. दरवेळी एक चूक मी पहिल्याच सकाळी पाहते. हातात यादी असते, ती बायकांनी आठवेल तशी लिहिलेली असते आणि खरेदीही त्याच क्रमाने सुरू होते. माझ्या मावशीच्या यादीत पहिला होता तांब्याचा हंडा. साडेदहाला तो घेतला आणि मग साड्या, दागिने, पूजेचं साहित्य असं सगळं त्या हंड्यासकट झालं. संध्याकाळी तिच्या बोटांवर पिशवीच्या बंदांचे लाल वळ होते. अजून अर्धी यादी राहिली होती.

तेव्हापासून मी यादी वस्तूंची करत नाही, गल्ल्यांची करते. पेठांतला बाजार तसाच बसलेला आहे. एकेका आळीचा एकेक धंदा, तोही पिढ्यान्‌पिढ्यांचा. हलकं आधी, जड शेवटी आणि एकदा ओलांडलेल्या रस्त्यावर परत यायचं नाही, एवढं सांभाळलं की दिवस पुरतो. खाली दिलेली वाट मंडईच्या मेट्रो स्थानकावर सुरू होते आणि कसबा पेठेच्या स्थानकावर संपते. चालणं अडीच-तीन किलोमीटरचं, पण सहा-सात तास धरून निघावं.

निघण्याआधी

गाडी आणू नका. लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, पार्किंगसाठी फिरण्यात तास जातो आणि मिळालेली जागा खरेदीपासून इतकी लांब असते की पिशव्या उचलायच्याच असतात. स्वारगेटला एसटीने उतरणाऱ्यांना मंडई मेट्रोचं अगदी पुढचंच स्थानक. रेल्वेने येणाऱ्यांनी पुणे स्टेशनवरून मेट्रो धरावी, जिल्हा न्यायालयाला उतरून स्वारगेटकडे जाणारी गाडी बदलावी. भुयारातला हा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला आणि बाहेरगावच्या माणसासाठी पेठा खऱ्या अर्थाने तेव्हा उघडल्या, असं मला वाटतं. स्थानकात स्वच्छतागृह असतं. बाजारात शिरण्याआधी तिथे जाऊन या, बरोबर बायका आणि म्हातारी माणसं असतील तर आवर्जून.

कापडी पिशव्या तीन घ्या, त्यातली एक जाड कॅनव्हासची आणि रुंद तळाची. सुटे पैसे घ्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण गर्दीत रेंज गेली की दोघंही खोळंबतात. पायात सपाट चप्पल हवी. घरच्या ब्लाउजवर साडी जुळवायची असेल तर त्याचा फोटो चालत नाही, फोटोत रंग बदलतो. कापडाचा तुकडा किंवा ब्लाउजच बरोबर घ्या.

वार कोणता निवडावा? मधले वार, सकाळी साडेदहा-अकरा. साप्ताहिक सुट्टी गल्लीगल्लीला वेगळी असते, तेव्हा एखादं ठरावीक दुकान गाठायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा. रविवार आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नवख्याने टाळावेत. गणेशोत्सवात संध्याकाळी रस्ते बंद होतात आणि अनंत चतुर्दशीला तर विसर्जन मिरवणूकच लक्ष्मी रस्त्यावरून जाते. त्या दिवशी मिरवणूक बघायला या, खरेदीला नको. उलट ११ डिसेंबर साधला तर बघा. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्त्याचा बाजाराचा भाग वाहनांना बंद असतो आणि मधोमध चालता येतं. असं वर्षातून एकदाच का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

मंडई: बघायची, घ्यायचं काही नाही

स्थानकातून वर आलात की समोर मनोरा दिसेल. ती महात्मा फुले मंडई. अष्टकोनी दगडी इमारत, १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झालेली. ज्या जोतीरावांनी नगरपालिकेचे सदस्य असताना हा पैसा शिक्षणावर खर्चावा म्हणून मंडईच्या खर्चाला विरोध केला, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. आत शिरून एक फेरी मारा. उतरत्या ओट्यांवर भाजी रचून मधोमध बसलेले गाळेवाले आणि वरून येणारा उजेड, पाच मिनिटं द्यावीत असं आहे. पण भाजी, नारळ काही घेऊ नका. आपण परत इकडे येणार नाही आणि भाजी दिवसभर उन्हात फिरवण्यात अर्थ नाही.

तुळशीबाग: जितकं छोटं, तितका जास्त वेळ

मंडईसमोरच्या गल्ल्यांतून आत गेलं की तुळशीबाग. नावाप्रमाणे इथे एके काळी तुळशीची बाग होती. १७६१ साली नारो अप्पाजी खिरे यांनी इथे राममंदिराचं काम सुरू केलं आणि ते तुळशीबागवाले झाले. बाजार त्या मंदिराभोवती वाढला. दुकानांच्या गर्दीत मंदिराचा दरवाजा चुकतो, म्हणून विचारत जा. आतल्या अंगणात दोन मिनिटं टेकता येतं, आणि बरोबरच्या माणसांशी चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून याच्याइतकी चांगली दुसरी नाही. आत शिरतानाच सगळ्यांना सांगून ठेवा: हरवलो तर रामाच्या अंगणात.

इथे दोन बाजार एकात एक मिसळलेत. बाहेरच्या अंगाला पथारीवाले: टिकल्या, पिना, क्लिपा, कानातली, रांगोळीचे छाप, ओढण्या. आत पक्की दुकानं: पूजेची भांडी, मूर्ती, मोत्याचे आणि खोटे दागिने, भातुकली. पथारीवर भाव करा, पण माणसासारखा करा. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर येऊन हसणं ही काही घासाघीस नव्हे. चार वस्तू एकाच ठिकाणी घ्या आणि मग विचारा, "दादा, सगळं मिळून कितीला देताय?" हे वाक्य माझ्यासाठी तरी सगळ्यात जास्त चाललं आहे. सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर "ताई, भवानीची वेळ आहे, रिकाम्या हाताने जाऊ नका" असं म्हणतील. घ्यायचं नसेल तर त्या वेळी भाव विचारत उभं राहू नये, त्यांच्या दिवसाची ती सुरुवात असते. पक्क्या दुकानांत बहुतेक भाव ठरलेले असतात, तिथे ओढाताण नको.

लग्नघरासाठी इथली महत्त्वाची खरेदी म्हणजे मुलीला द्यायची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. गौरीहर पुजताना जी अन्नपूर्णा मुलीच्या पुढ्यात असते, तीच तिच्याबरोबर सासरी जाते आणि पुढे तिच्या देवघरात राहते. म्हणून इथे घाई करू नका. दुकानदार काचेवर पाच-सहा मूर्ती मांडेल. एकेक उचला आणि उलटी करा. तळ पोकळ आहे की भरीव, ते तिथे कळतं. पितळेची मूर्ती वजनावर विकली जाते, त्यामुळे सारख्याच उंचीच्या दोन मूर्तींच्या किमतीत फरक पडतो तो यामुळे. मग काचेवर ठेवून बोटाने हलकंच ढकला. डुगडुगली तर बाजूला करा, देव्हाऱ्यात रोज हात लागणार आहे. शेवटी चेहरा. उजेडाकडे धरून नाकडोळे बघा. साच्यातून काढल्यावर नीट घासलेली मूर्ती असेल तर पापणीची रेघ वेगळी दिसते, नाहीतर डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा असतो. अन्नपूर्णेच्या हातातली पळी सरळ आहे ना, तेही बघा. माझ्या धाकट्या बहिणीने अशा अकरा मूर्ती परत ठेवल्या आणि दुकानातल्या काकांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही. उलट बाराव्या वेळी आतून डबा काढून म्हणाले, "ही बघा, तुमच्यासारख्यांसाठी ठेवलेली."

नथ, ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, मुंडावळ्या हे सगळं इथेच. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ मागा आणि तिचा दाब करंगळीच्या टोकाला लावून दोन मिनिटं राहू द्या. दुखलं तर नाकावर तासभर सोसणार नाही. मोत्यांचा सर हातात घेऊन दोरा बघा, दोन मोत्यांमधली गाठ ढिली असेल तर तिथल्या तिथे ओवून मागा.

लहान मुलं बरोबर असतील तर भातुकलीच्या दुकानासमोरून न थांबता जाणं होणार नाही. बंब, जातं, पाटा-वरवंटा, शेगडी, सगळं बोटभर. एकविसाव्या शतकात जन्मलेल्या मुलीला बंब म्हणजे काय ते इथे कळतं. वेळ द्या.

पोटाचं इथेच बघून घ्या. तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. गर्दी असते, साडेबाराच्या आत गेलात तर बरं. उन्हाळ्यात कावऱ्यांकडे आइस्क्रीम.

लक्ष्मी रस्ता: बसून घ्यायची खरेदी

तुळशीबागेतून दुसऱ्या अंगाला बाहेर पडलात की लक्ष्मी रस्ता. आतापर्यंत उभ्याने खरेदी केली, आता गादीवर बसायचं. साड्यांच्या दुकानात बसण्याआधी दोन गोष्टी मोकळेपणाने सांगा: कशासाठी हवी आहे आणि किती खर्चायचे आहेत. पैशाचा आकडा सांगायला आपल्याकडे संकोच करतात. मग विक्रेता वीस हजारांपासून उलगडत खाली येतो, आपला जीव वरच्या साडीत अडकतो आणि खालची कुठलीच आवडत नाही.

मानपानाच्या साड्या वेगळ्या सांगा. पंधरा-वीस एकदम घ्यायच्या असतील तर त्यांचा गठ्ठा वेगळा दाखवतात आणि एकूण रकमेवर काही कमी करा असं विचारायला हरकत नसते. नवरीची साडी आणि मानपान एकाच बैठकीत घेऊ नका, डोळे थकतात. फॉल-बीडिंगला दोन-तीन दिवस लागतात. मुक्काम नसेल तर साडी तशीच न्या, गावात करून घेता येतं.

आता पैठणी. इथे थोडं थांबते, कारण आमच्या घरातल्या एका मुलीला हातमागाची म्हणून जी पैठणी दिली गेली ती यंत्रमागाची निघाली. पक्कं बिल नव्हतं, म्हणून पुढे काही बोलता आलं नाही. नव्या माणसाला फरक कळू शकतो, फक्त साडी उलटी करायची. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट आणि काठ ताण्यात एकेक रंग गुंफून विणलेले असतात, त्यामुळे नक्षी सुलटी आणि उलटी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला दोरे लोंबलेले नाहीतर कापलेले दिसतात, कधी ते झाकायला जाळीचं अस्तर लावलेलं असतं. यंत्रमागाची साडी वाईट नव्हे. अंगावर छान दिसते आणि बहुतेकांच्या खिशाला तीच परवडते. पण ती त्याच नावाने आणि त्याच किमतीला घ्यावी. येवल्याच्या विणकराचे महिने ज्या साडीत गेलेत तिचे पैसे दुसऱ्या साडीला देऊ नयेत. खऱ्या रेशमाची सिल्क मार्क आणि हातमागाची हँडलूम मार्क या खुणा मागा, आणि बिलावर "हातमाग पैठणी" असं लिहून घ्या. लिहायला दुकानदार का-कू करत असेल तर उठा.

सोनं घेणार असाल तर सराफी पेढ्या इथेच आहेत आणि पुढे सोन्या मारुती चौकाकडेही. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा क्रमांक हवाच, एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बावीस कॅरेटवर ९१६ हा शुद्धतेचा आकडा असतो. भारतीय मानक ब्युरोचं बीआयएस केअर हे अ‍ॅप घरूनच फोनवर घेऊन या आणि दुकानात बसल्या बसल्या क्रमांक टाकून बघा. सोन्याचा दिवसाचा भाव दुकानादुकानांत फारसा बदलत नाही, बदलते ती घडणावळ. म्हणून भाव विचारत फिरू नका, घडणावळ किती टक्के ते विचारा. मंगळसूत्र घेताना काळ्या मण्यांचं वजन सोन्याच्या वजनातून वजा केलंय का, हा प्रश्न तोंडाने विचारा.

सोनं घेतलं की ते एकाच्याच अंगावरच्या पर्समध्ये, पर्स पुढे, आणि त्या माणसाच्या हातात दुसरी पिशवी द्यायची नाही.

बाकरवडी न्यायची असेल तर ती आत्ता, बाजीराव रस्त्यावरच्या चितळ्यांकडून. दुपारी एक ते चार बंद असतात ही ऐकीव गोष्ट आता जुनी झाली, २०१७ पासून दुकान दुपारीही उघडं असतं. लहान दुकानं मात्र अजून जेवायला बंद होतात.

अप्पा बळवंत चौक आणि तपकीर गल्ली

बाजीराव रस्त्याने उत्तरेकडे पाच मिनिटं चाललं की अप्पा बळवंत चौक. पुस्तकं, वह्या, स्पर्धा परीक्षांचे संच. पुण्यात शिकायला आलेल्यांनी पुस्तकाचं नाव, लेखक आणि आवृत्ती कागदावर लिहून न्यावं, काउंटरपलीकडचा मुलगा अर्ध्या मिनिटात काढून देतो. जुनी पुस्तकं मिळतात आणि वापरून झालेली परत घेतातही. जूनमध्ये शाळा सुरू होताना पाय ठेवायला जागा नसते. जवळच्या तपकीर गल्लीत दिवे, वायरी आणि इलेक्ट्रॉनिक सामान. हवं असेल तरच शिरा.

बोहरी आळी: घाऊकचे नियम वेगळे

आता पूर्वेला, रविवार पेठेत. दोर, ताडपत्री, कुलपं, हत्यारं, प्लॅस्टिक, पॅकिंगचे डबे, सजावट, आहेराची पाकिटं, द्रोण-पत्रावळी. लग्नात, दुकानात किंवा शाळेच्या संमेलनात शेकड्याने लागणारं सगळं इथे येतं. रुखवताचं सामान इथे घेतलं तर किंमत चांगलीच खाली येते.

पण इथे एक नग मागू नका. डझन, शेकडा, किलो असंच विचारायचं. किती हवेत ते आधी सांगा, मग भाव विचारा, कारण भाव संख्येवर असतो. माल लगेच बघा आणि मोजून घ्या, फुटकं-तुटकं तिथेच बदलतं, उद्या नाही. दुकानदार दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, तो राग नव्हे. आणि हातगाडी येताना दिसली की आपण बाजूला व्हायचं. भरलेली गाडी ओढणाऱ्याला थांबणं आणि पुन्हा सुरू होणं किती जड जातं, ते एकदा त्याच्या पोटऱ्यांकडे पाहिलं की कळतं.

तांबट आळी: जड ते शेवटी

इथपर्यंत दमला असाल, तरी कसबा पेठेतली तांबट आळी चुकवू नका. ती कानांनी सापडते. दोन गल्ल्या आधीपासून ठोके ऐकू येतात. त्वष्टा कासार समाजातले कारागीर इथे पेशव्यांच्या काळापासून तांब्याची भांडी घडवतात. आता मोजकी घरं हे काम करतात.

एखाद्या उघड्या दारापाशी उभे राहा, परवानगी विचारा, बहुतेक जण बघू देतात. कारागीर जमिनीवर बसलेला असतो. समोर रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं अडकवलेलं. डावा हात भांडं कणभर फिरवतो, उजवा हातोडा मारतो, पुन्हा कणभर, पुन्हा ठोका. नजर हातोड्यावर नसते, आधीच्या ठोक्याच्या खुणेवर असते. प्रत्येक नवी खूण जुनीला चिकटून पडली पाहिजे, वर चढली तरी वाईट आणि फट राहिली तरी वाईट. याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला पोचे पडत नाहीत, आणि पृष्ठभागावर जी खवल्यांसारखी चमक येते ती पॉलिशची नसते.

घेताना भांडं उन्हात फिरवा. हाताच्या ठोक्यांत रांगा सरळ असल्या तरी एकेक खूण जराशी वेगळी दिसते, यंत्राने ठसा मारलेल्या भांड्यात सगळ्या जुळ्यासारख्या असतात. मग पाणी मागा. हंडा, कळशी, पिंप काहीही असो, काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर दहा मिनिटं ठेवा आणि तळाचा सांधा बोटाने चाचपा. कारागीर स्वतःच हे करून दाखवतो. किंमत वजन अधिक मजुरी अशी असते. तांब्याचा भाव कमी होणार नाही हे धरून चाला. मजुरीत घासाघीस करू नका, माझी ही एवढी विनंती आहे. तुळशीबागेत केलीत तेवढी पुरे. पुढच्या पिढीने हातोडा धरायचा की नाही, ते या मजुरीवर ठरतं.

वापराचंही ऐकून घ्या. तांब्यात पाणी ठेवा, ताक, सरबत, चिंचेचं सार ठेवू नका, आंबटाने तांबं उतरतं. स्वयंपाकाला हवं असेल तर आतून कल्हई करून मागा. घासायला चिंच आणि मीठ, लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. नुसत्या शोभेच्या काही भांड्यांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक थर दिलेला असतो, त्यात पाणी ठेवायचं असेल तर आधी विचारा.

भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून रुंद पिशवीत ठेवा आणि आतल्या पोकळीत टिकल्या, मुंडावळ्या, आहेराची पाकिटं भरा, जागा वाचते. बाळकृष्ण-अन्नपूर्णा मात्र साड्यांच्या घडीत. इथून फडके हौद चौकाकडे चालत गेलं की कसबा पेठेचं स्थानक. तपासणीच्या यंत्रातून सगळ्या पिशव्या जातात, तेव्हा हंड्याचं बिल वरच्या वर ठेवा. बाजारात विळी किंवा कोयता घेतला असेल तर ती धारदार वस्तू मेट्रोत नेता येणार नाही. बरोबरच्या एकाने ती घेऊन इथूनच रिक्षा करावी, बाकीच्यांनी लिफ्टने खाली उतरावं.